रमाबाईंचा अर्ज

स्मरणिकेसाठी मी काही लिहावे असे अध्यक्षबाईंनी सांगितले, तेव्हा मी एखादी पाककृती देते म्हणाले. त्या म्हणाल्या, "पाककृती पाच आल्या आहेत, त्यांत तीन तर नुसत्या पुरणाच्या. तुम्ही अर्जाची गोष्ट लिहा." अर्जाची गोष्ट म्हणजे आपल्या मंडळाने पाळणाघरासाठी मदत मागितली, पहिल्या वेळी ती मिळाली नाही आणि दुसऱ्या वेळी अर्ज निराळ्या रीतीने लिहिला, ती हकीकत. पण ती सांगावयाची तर आधी पंडिता रमाबाईंविषयी सांगितले पाहिजे, कारण दुसरा अर्ज लिहावयास मी शिकले ती त्यांच्याकडून. माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईने इतिहासात शिरावे हे धाडसच आहे. भगिनींनी सांभाळून घ्यावे.

पाळणाघराची गरज काय, हे रोहण्यात कोणाला सांगावयास नको. दिवाळी झाली की कापसाची वेचणी सुरू होते. वेचणीची मजुरी किलोवर. जिच्या पाठीशी तान्हे मूल, तिचा कापूस कमी भरतो, म्हणजे तिची मजुरीही कमी. मूल बांधावर झाडाखाली झोळीत टाकावे लागते आणि मोठ्या बहिणीला शाळा बुडवून त्याच्याजवळ बसवावे लागते. अंगणवाडीच्या वर्गात तीन वर्षांपुढची मुले बसतात, त्याखालच्यांनी कुठे जावे? माझीच शाळा सातवीनंतर सुटली ती धाकट्या भावाला सांभाळण्याच्या पायी. म्हणून हा विषय निघाला तेव्हा अर्ज मी लिहीन असे मीच पुढे होऊन म्हटले.

तो पहिला अर्ज मी चार रात्री जागून लिहिला. स्त्री ही समाजाचा कणा आहे, बालक हे उद्याचे राष्ट्र आहे, आपले मंडळ अहोरात्र समाजसेवेचे व्रत घेऊन झटत आहे, असे त्यात होते. सगळ्या भगिनींना वाचून दाखवला तेव्हा टाळ्या पडल्या, एकीच्या तर डोळ्यांना पाणी आले. ज्या संस्थेकडे तो पाठवला तिचे दोन ओळींचे उत्तर दीड महिन्याने आले. मुले किती, खर्च किती आणि मदत किती काळासाठी हवी, याचा बोध अर्जावरून होत नाही, असे त्यात होते. मला राग आला. रात्री अर्जाची नक्कल काढून पुन्हा वाचली, आणि खरोखरच त्यात एकही आकडा नव्हता. तारीख तेवढी होती.

त्याच दिवसांत वर्ध्याला शिकणारी माझी पुतणी सुटीला आली. तिच्या पिशवीत कॉलेजच्या ग्रंथालयातले एक पुस्तक होते. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत इंग्रजीत लिहिलेल्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीच्या पुस्तकाचे ते मराठी भाषांतर. रमाबाई म्हणजे शाळेच्या पुस्तकातला एक धडा, एवढेच मला माहीत. पुतणी म्हणाली, "काकू, शेवटचे प्रकरण वाच. तो अर्जच आहे."

खरोखर तो अर्जच आहे. आधीची सगळी प्रकरणे त्या अर्जाची तयारी आहेत.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, आणि मुलीला शिकवले ते आईने. सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर फिरले. दुष्काळाच्या दिवसांत आईवडील गेले. भाऊबहीण हिंडत हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तेथील विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे भाऊही गेला. १८८० साली त्यांनी बिपिनबिहारी या बंगाली वकिलाशी विवाह केला आणि १८८२ साली पदरात तान्ही मनोरमा असताना त्या विधवा झाल्या. हे मी भराभर सांगते आहे, पण एवढे सगळे चोविसाव्या वर्षाच्या आत झाले हे वाचणाऱ्या भगिनींनी ध्यानात घ्यावे.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. ही साक्ष त्यांनी मराठीत दिली. मुलींच्या शाळांना बायकाच शिक्षिका हव्यात, तपासनीसही बायकाच हव्यात, आणि बायकांना डॉक्टर होण्याचे शिक्षण मिळावे, असे त्यांनी सांगितले. मला यातले एवढेच महत्त्वाचे वाटते की साहेबांच्या आयोगापुढे बसून या बाईंनी स्त्रियांचे हाल ऐका असे नुसते म्हटले नाही. काय करावयाचे आणि ते कोणी करावयाचे, ते सांगितले.

पुढच्या वर्षी, १८८३ साली, त्या इंग्लंडला गेल्या. वाटखर्चाला 'स्त्रीधर्मनीति' या आपल्याच पुस्तकाच्या विक्रीचा पैसा होता. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुण्यामुंबईकडच्या पुष्कळ लोकांना ते रुचले नाही, आणि त्या वेळी रुचावे तरी कसे? तो वाद मोठा आहे. आपल्या विषयापुरता तो पुढे येईलच.

नात्यातल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात शिकत होत्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना डॉक्टरची पदवी मिळणार होती. त्या समारंभासाठी कॉलेजच्या प्रमुख डॉ. रेचेल बॉडली यांनी रमाबाईंना बोलावले. रमाबाई गेल्या त्या थोड्या दिवसांसाठी आणि राहिल्या जवळजवळ तीन वर्षे. तेथील बालवाड्या त्यांनी पाहिल्या, लहान मुलांना शिकवण्याची फ्रोबेलची पद्धत शिकून घेतली, गावोगाव व्याख्याने दिली. आनंदीबाई मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. बावीस वर्षेही पुरी नव्हती. त्याच वर्षी रमाबाईंचे पुस्तक निघाले.

आता त्या पुस्तकात मागणी कशी केली आहे ते पाहू. मी ते स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या मोजत मोजत वाचले, म्हणून माझ्या ध्यानात कदाचित बायकी गोष्टीच अधिक राहिल्या असतील.

रमाबाईंचे स्वतःचे आयुष्य दुःखाने भरलेले. दुसरे कोणी असते तर आपलीच कहाणी पहिल्या पानापासून सांगितली असती. त्यांनी ती बहुतेक डॉ. बॉडलींच्या प्रस्तावनेवर सोपवली आणि स्वतः बालपण, विवाह, धर्मातले व समाजातले स्त्रीचे स्थान, वैधव्य अशी एकेक पायरी घेतली. हे वाचताना मला माझा अर्ज आठवून कसेसेच झाले, कारण त्यात मंडळाची स्तुती दीड पान आणि लेकरांविषयी एक ओळ होती.

मग आकडे. १८८१ साली सरकारने खानेसुमारी केली होती. तिच्यातून रमाबाईंनी विधवांची संख्या काढून दिली. सगळ्या मिळून दोन कोटी नऊ लाखांहून अधिक. एवढा आकडा ऐकून माणूस नुसता दबून जातो, त्याला काही सुचत नाही. म्हणून त्यांनी वयाप्रमाणे तो फोडून दाखवला. नऊ वर्षांखालच्या विधवा जवळजवळ ७९ हजार, दहा ते चौदा वर्षांच्या २ लाख ७ हजार, पंधरा ते एकोणीस वर्षांच्या ३ लाख ८२ हजार. अमेरिकेतल्या आईने हा पहिला आकडा वाचला असेल तेव्हा परकरात खेळणारी आपली पोर तिच्या नजरेपुढे आली नसेल काय? आणि हे आकडे रमाबाईंच्या पदरचे नव्हते, सरकारचे होते. खोटे म्हणावयाची सोयच नव्हती.

त्यानंतर त्या म्हणतात (शब्द माझे आहेत) की हिंदू स्त्रीला तीन गोष्टी हव्यात. स्वावलंबन, शिक्षण, आणि आपल्यातल्याच शिक्षिका. दोन कोटींचे दुःख दूर करा असे त्या मागत नाहीत. उच्चवर्णीय बालविधवांसाठी घरे हवीत, एवढेच मागतात. अशा मुलींना शाळेत पाठवावयास घरचे तयार नसतात आणि घर सोडले तर पोटाची सोय नाही. नुसती शाळा काढून त्यांचा उपयोग नाही, राहण्याजेवणाची सोय असलेले घरच पाहिजे, हे त्यांनी समजावून दिले. तेथे या मुलींना आपले आचार पाळून राहता यावे, जात गमावण्याची भीती नसावी, आणि शिक्षिका, दाई, घर सांभाळणारी बाई असा काही तरी धंदा त्यांच्या हाती यावा. व्यवस्था पाहावयास हिंदू बाया, शिकवावयास काही अमेरिकन बाया. म्हणजे मुलगी आत येईल तेव्हा काय होईल आणि बाहेर पडेल तेव्हा काय झालेली असेल, हे सगळे वाचणाऱ्याला दिसते.

आणि मुदत. दहा वर्षे मदत करा, मग आमचे लोकच ही कामे उचलतील, असा त्यांचा हिशोब होता. मला वाटते, देणाऱ्याचा हात सैल झाला तो येथे. कायमचा बोजा डोक्यावर घ्यावयास कोणी धजत नाही. दहा वर्षांचा घेतात.

१३ डिसेंबर १८८७ रोजी बॉस्टन शहरात रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल नावाचे धर्मोपदेशक आणि लेखक, कार्यकारी समितीच्या प्रमुख श्रीमती ज्युडिथ अँड्र्यूज. गावोगाव रमाबाई-मंडळे निघाली, आणि त्यांच्या सभासदांनी वर्षाला एक डॉलर याप्रमाणे दहा वर्षे देण्याचे वचन दिले. एक डॉलर! आपली मासिक वर्गणी गोळा करताना आमच्या कोषाध्यक्ष काकूंची जी तारांबळ होते ती मी पाहते, म्हणून सातासमुद्रापलीकडच्या, कधी न पाहिलेल्या मुलींसाठी हजारो बायका वर्षावर्षाला एकेक डॉलर काढत राहिल्या याचे मला फार अप्रूप वाटते.

येथे एक गोष्ट मोकळेपणी लिहिते. पुस्तक वाचताना काही ठिकाणी मी मिटून ठेवले. आपल्या घरचे मळके लुगडे परक्याच्या अंगणात धुवावयास नेल्यासारखे वाटले. त्या काळच्या पुष्कळांना तसेच वाटले होते. मदत मागणाऱ्याला आपले दुःख आहे त्याहून काळे रंगवण्याचा मोह होतो आणि रमाबाईंची लेखणी काही ठिकाणी तशी वाहवली असे मलाही वाटते. सगळ्याच सासवा काही तशा नव्हत्या. पण आकड्यांशी मात्र त्यांनी खेळ केला नाही.

बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ रोजी, मुंबईत चौपाटीवर शारदा सदन उघडले. ती तारीख आनंदीबाईंच्या पदवीचीच. समारंभाच्या अध्यक्ष आपल्या मराठीतल्या लेखिका काशीबाई कानिटकर. सल्लागार मंडळावर न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, तेलंग यांच्यासारखी माणसे. पहिली विधवा विद्यार्थिनी आली ती कोकणातली गोदूबाई. पुढच्या वर्षी सदन पुण्यास हलले.

आणि तेथे ती मोठी अडचण उभी राहिली. सदनात कोणत्याही धर्माचे शिक्षण द्यावयाचे नाही, ज्या त्या मुलीने आपला धर्म पाळावा, असे ठरलेले होते. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. त्या आपल्या खोलीत मुलीला घेऊन प्रार्थना करीत आणि दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. रमाबाईंचे म्हणणे, मी कोणाला बोलावत नाही आणि येणारीला हाकलणारही नाही. सल्लागारांचे म्हणणे, लहान मुलींच्या बाबतीत उघडे दार म्हणजे बोलावणेच. 'केसरी'ने कडक टीका केली. १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले आणि वीस-पंचवीस मुलींना त्यांच्या घरच्यांनी काढून नेले. बॉस्टनच्या मंडळींनी मात्र रमाबाईंना सोडले नाही.

कोण बरोबर आणि कोण चूक, हे सव्वाशे वर्षांनंतर मी काय सांगणार? मुलगी काढून नेणाऱ्या बापाची धास्ती मला समजते आणि आपल्याच घरात आपल्या देवाचे नाव चोरून घ्यावयाचे नाही हा रमाबाईंचा हट्टही समजतो. मला दिसते ते असे की, धर्माच्या बाबतीत कोणाची बाजू घ्यावयाची नाही हा ठराव देणाऱ्यांनी, चालवणारीने आणि मुलींच्या घरच्यांनी, तिघांनी मान्य केला होता. पण त्याचा अर्थ प्रत्येकाने आपापला केला होता. बाईंच्या खोलीचे दार उघडे राहील की बंद, हे कोणी आधी विचारलेच नाही. विचारले असते तर सदन कदाचित निघालेच नसते, असेही पुतणी म्हणते. असेल. पण निघाल्यावर मुली परत जाण्याचा तो दिवस मला वाचवला नाही.

त्यातून एक निराळी गोष्ट घडली. त्याच १८९३ साली, आणि तारीख पुन्हा ११ मार्च, सदनातल्या गोदूबाईंचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. त्याच पुढे आनंदीबाई, सर्वांच्या बाया कर्वे. त्यांनी आपले आत्मचरित्र 'माझे पुराण' या नावाने लिहिले. १८९६ साली कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा आपल्या शिलकीतले एक हजार रुपये पहिल्यांदा त्यात घातले आणि मग लोकांपुढे हात पसरला. बायांच्या धाकट्या बहिणीने, पार्वतीबाई आठवल्यांनी, या आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत वर्षानुवर्षे प्रवास केला. त्याही विधवा. शिकावयास लागल्या त्या मोठेपणी. इंग्रजी बेताचेच, तरी पुढे अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, आणि १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपयांचे दान अटी घालून दिले. विद्यापीठाला आपल्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव द्यावे ही त्यांतली एक. अट सोपी, स्वच्छ, आणि कागदावर. ते नाव आजही आहे.

परत रमाबाईंकडे येते, कारण दहा वर्षे संपली तेव्हा काय झाले हे पाहिल्यावाचून अर्जाची गोष्ट पुरी होत नाही. मुदत भरत आल्यावर त्या हातावर हात ठेवून बसल्या नव्हत्या. पुण्याजवळ केडगावला त्यांनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती. फळझाडे लावावी, त्यांच्या उत्पन्नावर सदन चालावे, अमेरिकेचा पैसा थांबला तरी मुली उपाशी राहू नयेत, असा बेत होता. तेवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. तो मध्यप्रांतात फार कडक होता. आपला वर्धा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतातच होता, म्हणून हे वाचताना अंगावर काटा येतो. रमाबाई मध्यप्रांतात गेल्या. लहानपणी दुष्काळात आईबाप गमावलेली ती बाई. सुमारे तीनशे मुली आणि बाया त्यांनी तिकडून आणल्या, आणि फळबागेच्या त्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. १८९८ साली त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या, दहा वर्षांचा हिशोब असोसिएशनपुढे ठेवला, आणि ती असोसिएशन मोडून त्याच कामासाठी नवी निघाली. मागावयास गेलेली बाई हिशोब द्यावयासही तेवढ्याच लांब गेली, हे मला फार आवडले. १९२२ साली त्या वारल्या. केडगावचे काम आजही चालू आहे.

आता आमचा दुसरा अर्ज. पहिल्यांदा मी आणि कोषाध्यक्ष काकू घरोघर फिरलो. वेचणीला जाणाऱ्या कोणत्या घरात तीन वर्षांखालचे मूल आहे आणि त्याला सध्या कोण सांभाळते, एवढेच विचारत गेलो. तीन संध्याकाळी लागल्या. एकोणीस लेकरे निघाली. त्यांतली सात अशी, की ज्यांना सांभाळावयास शाळेतली बहीण घरी राहते. या सात मुलींना मी पहिल्या अर्जाच्या वेळी पाहिलेच नव्हते. एक आमच्याच बोळातली निघाली. दारात तान्ह्याला मांडीवर घेऊन बसलेली असते, रोज दिसते. मी तिला "शाळा नाही का गं?" असे कधी विचारले नव्हते.

एकोणीस हा आकडा एका भगिनीला फार लहान वाटला. "चाळीस लिहा, मोठे काम दिसेल," असे तिने सुचवले. तिचा हेतू वाईट नव्हता. काकू म्हणाल्या, "लिही बाई चाळीस. मग दर महिन्याला हजेरी दाखवावयाची तेव्हा एकवीस लेकरं तू आण." त्यावर सगळ्या हसल्या आणि एकोणीसच राहिले.

मग आपण काय देऊ ते लिहिले. एका काकूंची पडवी चार महिन्यांसाठी, पाण्याची सोय, आणि आळीपाळीने रोज दोन भगिनींचा दुपारचा वेळ. मुलांना दिवसभर सांभाळणाऱ्या बाईचा पगार, सतरंज्या, भांडी, दूध आणि औषधाची पेटी एवढेच मागितले. प्रत्येक वस्तूचा भाव पुलगावच्या दुकानात विचारून आणला. (पूर्वी आपल्याकडून पुलगाव-आर्वीची छोटी गाडी जात असे. ती आता बंद आहे, म्हणून बसने दोन खेपा झाल्या.) दूध आणि बाईचा पगार यांतच अर्ध्याहून अधिक खर्च जातो, हे मांडल्यावर आमचेच आम्हाला कळले. शेवटी मुदत लिहिली, वेचणीचे तीन हंगाम. चौथ्या हंगामापासून आयांकडून थोडी वर्गणी आणि मंडळाच्या पापड-शेवयांच्या नफ्यातला वाटा, यावर चालवू. हे जमेलच अशी माझी खात्री नव्हती. म्हणून शेवयांचा मागच्या वर्षीचा हिशोब, जसा आहे तसा, सोबत जोडला. समाजाचा कणा वगैरे सगळे काढून टाकले. अर्ज दोन पानांत बसला. वाचून दाखवला तेव्हा टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. एकीने विचारले, "दुधाचा भाव वाढला तर?" तेही एका ओळीत घातले.

या वेळी दुसऱ्या एका संस्थेकडे पाठवला. उत्तर आले की मदत देण्याचा विचार आहे, मात्र दोन अटी आहेत. एक, पडवीवर त्यांच्या नावाची पाटी लावावी. दुसरी, दर महिन्याला मुलांचे फोटो पाठवावेत, ते त्यांच्या पत्रकात छापले जातील.

बैठकीत पाटीला कोणाची हरकत नव्हती. फोटोंवर मात्र दोन तास गेले. पैसे देतात तर फोटो द्यावयास काय जाते, असे निम्म्या जणी म्हणाल्या. मग वेचणीला जाणाऱ्या एक वहिनी, ज्या बैठकीत सहसा बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, "माझं पोर तिथं ठेवीन. पण ते गरिबाचं पोर म्हणून छापायचं असेल तर नाही ठेवणार." सगळ्या गप्प झाल्या. मला १८९३ सालचे ते उघडे दार आठवले. पैसे घेऊन मग कुरकुरत बसण्यापेक्षा आजच विचारावे, असे मी म्हटले. आपण कळवले आहे की पाटी लावू, हजेरीपट व खर्चाच्या पावत्या दर महिन्याला पाठवू, कोणी केव्हाही येऊन पाहून जावे. मुलांचे फोटो मात्र छापण्यासाठी देता येणार नाहीत. हे मान्य नसेल तर तसे पैसे पाठवण्याआधी कळवावे.

या पत्राचे उत्तर स्मरणिका छापावयास जाईपर्यंत आलेले नाही. काही भगिनी माझ्यावर थोड्या रुष्ट आहेत, चालून आलेली मदत मी घालवली असे त्यांना वाटते. कदाचित तसेच होईलही. पण पडवी झाडून ठेवली आहे. मदत आली तर एकोणीस, न आली तर मंडळाच्या शिलकीत बसतील तेवढी, ज्या घरची बहीण शाळा सोडून बसते त्या सात लेकरांपासून आरंभ करून, दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी घ्यावयाची असे ठरले आहे. ज्यांच्या घरी माळ्यावर जुना पाळणा, झोळीचे कापड किंवा धुतलेली गोधडी पडून असेल, त्यांनी ती कोषाध्यक्ष काकूंकडे पोचती करावी. काकू पावती देतील.